टाचण्या तोंडात असताना

टेपमावशीला माणसं आधी खांद्यांवरून ओळखू यायची, चेहऱ्यावरून नंतर. तीस वर्षं शिलाई केल्यावर नजर तशीच होते. बँकेच्या रांगेत उभी राहिली तरी पुढच्या माणसाचा उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरता आहे हे तिला दिसायचं, आणि त्याच्या शिंप्याने ते सांभाळून घेतलेलं नाही याचा राग यायचा. गळ्यात कायम टेप. एकदा दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "ही काढून ठेवता का, मला छाती तपासायचीय," तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. सासूबाई म्हणायच्या, "एक दिवस झोपेत कूस बदलशील आणि हीच टेप तुझा गळा आवळेल."

दुसरी सवय टाचण्यांची. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात पाच-सहा टाचण्या धरायच्या आणि एकेक काढून कापडाला लावत जायचं. त्यामुळे काम चालू असताना ती बोलत नसे. सगळ्यांना एकच उत्तर: हं. गिऱ्हाईक म्हणालं गळा जरा मोठा ठेवा, हं. नवरा म्हणाला मी निघालो, हं. नवरा वायरमन होता आणि त्याचा एक विनोद ठरलेला होता. "लग्नाला विचारलं तेव्हाही ही हंच म्हणाली होती. टाचण्या होत्या की होकार, ते मला अजून कळलेलं नाही."

दर रविवारी सकाळी ती वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये मुलांच्या वर्गाला जायची. तीन वर्षांपूर्वी तिथला पडदा शिवायला गेली, त्या दिवशी चार मुलांना बटण लावायला शिकवलं, आणि मग जातच राहिली. पैसे नव्हते, चहा होता. वर्ग चालवणारे गृहस्थ निवृत्त हेडमास्तर. गळ्यात शिट्टी, म्हणून मुलं त्यांना शिट्टीसर म्हणत. शिट्टी आणि टेप शेजारी उभ्या राहिल्या की मुलं हसत.

मागच्या वर्षी बालकल्याण कार्यालयातून एक बाई आल्या होत्या. वर्गात शिकवणाऱ्या सहाही जणांना त्यांनी मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसवलं आणि दोन तास बोलल्या. टेपमावशीकडे दुसरा कागद नव्हता म्हणून तिने मापांच्या वहीतच लिहून घेतलं, एका झग्याच्या आणि एका सदऱ्याच्या मापांच्या मध्ये. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहिणे, आपले घालू नयेत. कुणाला सांगणार नाही असं वचन देऊ नये. खात्री करून घेणं आपलं काम नाही. त्याच दिवशी कळवणे. खाली हेल्पलाइनचा नंबर. मग वही मिटली आणि त्या पानानंतर आणखी चाळीसेक मापं भरली गेली.

वार्षिक कार्यक्रमाला चौदा मुली लाटा होणार होत्या. निळे बिनबाह्यांचे झगे. त्या रविवारी टेपमावशी एकेकीला स्टूलवर उभं करून झगे अंगावर टाचून बघत होती. नववी आली ती बटण. बटण म्हणजे वर्गातली सगळ्यांत लहान चणीची, गोल डोळ्यांची नऊ वर्षांची पोर. हे नाव टेपमावशीनेच ठेवलेलं, कारण ती कुणाला ना कुणाला चिकटून उभी असायची.

"मला पूर्ण बाह्यांचा शिवा," बटण म्हणाली.

"लाटेला कुठे बाह्या असतात गं?" म्हणत टेपमावशीने तिला पाठमोरी केली, काखेपाशी मुंढा नीट बसतो का बघायला तिच्या सदऱ्याची बाही वर सारली आणि हात तिथेच थांबला.

दंडाच्या मागच्या बाजूला एक डाग होता. दोन बोटं रुंद, वर टोकदार, कडा कात्रीने कापल्यासारख्या स्वच्छ. आणि टोकाच्या डाव्या अंगाला एक बारीक खाच.

इस्त्री सरकत गेली तर डागाला शेपूट राहतं, ठेवली तर आकार राहतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. कापडावर तिने दोन्ही पाहिले होते. आणि ती खाच तर तिच्याच हातून पडलेली. तिची जुनी इस्त्री फरशीवर आपटली होती, टोकाचा टवका उडाला होता. तलम कापडात अडकायला लागली म्हणून तिने नवी घेतली, आणि जुनी दिली गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या इस्त्रीवालीला. तिचा नवरा सोडून गेला होता, पदरात मुलगी होती. ती मुलगी म्हणजे बटण.

टेपमावशीच्या तोंडात टाचण्या होत्या. तरी जिभेने त्या बाजूला सारून तिने विचारलं, "अगं, कसं लागलं हे?"

बटण भिंतीकडे बघून म्हणाली, "लागलं नाही. लावलं."

खाली कुणीतरी दोरीच्या उड्या मोजत होतं. एकवीस, बावीस. बटण हळूच म्हणाली, "मावशी, कुणाला सांगू नका हां."

"हं," टेपमावशी म्हणाली.

तोंडातून हं बाहेर पडल्यावर तिला कळलं की ते पडलं. बटणने खांदे सैल सोडले, सुटल्यासारखे. स्टूलवरून उडी मारून ती दहावीला जागा देऊन निघून गेली.

झगे तसेच टाकून टेपमावशी शिट्टीसरांकडे गेली. हॉलच्या कोपऱ्यात दोन कपाटं आडवी लावून सरांची खोली केलेली होती. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"इस्त्रीवालीच्या घरात पोरीला इस्त्री लागली. यात नवल काय, बाई?"

"लागली नाही सर. लावली. ती स्वतः म्हणाली."

"नऊ वर्षांची पोर. तिला लागलं काय नि लावलं काय."

"मला ती खाच ओळखू येते. इस्त्री माझीच होती."

सरांनी चष्मा काढला. "मग तर तुम्ही जास्त जपून बोला. उद्या हीच गोष्ट तुमच्या दाराशी येईल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, मी काही डोळे मिटून बसणार नाही. कार्यक्रम दोन आठवड्यांवर आहे. तो होऊ द्या, मग मी तिच्या आईला बोलावून नीट समजावतो. आत्ता आरडाओरडा झाला तर उद्या निम्म्या आया पोरं पाठवायच्या बंद होतील. आणि ज्यांनी पाठवायला हवीत, त्याच आधी बंद करतील."

हे शेवटचं तिला खोडून काढता येईना. सरांनी नोंदवही काढली आणि वळणदार अक्षरात लिहिलं: मुलीच्या दंडास इस्त्री लागल्याचे आढळले. पालकांशी बोलणे.

"लावल्याचे," ती म्हणाली.

"तुम्ही शिवण सांभाळा, बाई. व्याकरण माझ्याकडे असू दे. करा सही."

तिने सही केली. आयुष्यभर पावत्यांवर जिथे बोट ठेवतील तिथे सही केली होती, तशीच.

ती निघाली तेव्हा सर मागून म्हणाले, "आणि सगळ्याच झग्यांना पूर्ण बाह्या लावून टाका. उगाच कुणाची चर्चा नको."

चौदा मुली. अठ्ठावीस बाह्या.

सोमवारी सकाळी इस्त्रीवाली नेहमीसारखी आली. टेपमावशीचं शिवलेलं सगळं तीच इस्त्री करायची. दुकानाच्या पायरीवर बसून दोघींचा चहा व्हायचा. पस्तिशीची बाई, हातांवर बारीक चट्टे, बोलण्यात कुणाला ऐकायची नाही. येताना तिने एका पिशवीत तीच टवका उडालेली इस्त्री आणली होती.

"ताई, ही गेली बघ. दादांना सांग, वायर बघा म्हणावं. चांगली चालत होती, मेली." तिने चहाचा घोट घेतला. "आज तोंडात टाचण्या नाहीत तरी गप्प? काय, सासूबाईंनी सकाळीच मंत्र म्हटले वाटतं!"

आतून सासूबाई ओरडल्या, "मला ऐकू येतं गं!"

"येऊ दे की! पैसे थोडेच पडतात ऐकायला!" इस्त्रीवाली हसली. मग झग्यांच्या ढिगाकडे बघत म्हणाली, "बटणला पूर्ण बाह्यांचा शिव हां. इस्त्रीला धडकली कार्टी. लाख वेळा सांगितलं, तापलेली असताना मागे मागे करू नकोस. ऐकते का?"

टेपमावशीने चहाचा कप खाली ठेवला. विचारलं तर? विचारलं तर हिला कळेल की पोर बोलली. संध्याकाळी घरी या दोघीच. एक खोली, एक टेबल, आतून कडी.

"हं," ती म्हणाली.

"तुझं ते हं!" इस्त्रीवाली उठली. तीच बाई होती, जी मागच्या वर्षी टेपमावशीला ताप आला तेव्हा सलग पाच दिवस स्वतःचं काम टाकून दुकानातली गिऱ्हाइकं सांभाळत बसली होती. तिचा राग कसा करायचा, ते टेपमावशीला जमत नव्हतं. राग आला असता तर सोपं झालं असतं.

इस्त्री मशीनशेजारच्या टेबलावर राहिली. टोक टेपमावशीकडे.

दुपारी नवरा जेवायला आला, त्याने इस्त्री उलटी करून बघितली. "पाच मिनिटांचं काम. वायर तुटलीय आत."

"राहू दे, अहो."

"राहू दे? तिचं पोट आहे यावर."

"तिला सांगा, पार्ट मिळत नाही."

"कसला पार्ट? सांगतोय ना, वायर आहे."

"आठवडाभर राहू दे म्हटलं ना!"

नवऱ्याने इस्त्री खाली ठेवली आणि तिच्याकडे बघितलं. ती मान खाली घालून बाही जोडत होती. तिला वाटत होतं, इस्त्रीच नसली तर लावणार काय? काहीच न बोलता काहीतरी केल्यासारखं होत होतं. मंगळवारभर ती शिवत राहिली. एक बाही, दुसरी बाही. प्रत्येक बाहीला आधी धावदोरा, मग मशीन, मग मुंढ्याची शिवण दाबायची. निळं कापड सारखं पायावर घसरत होतं. सतरावी बाही जोडताना तिच्या मनात आलं, हा चौदा मुलींचा पोशाख नाही. एका डागावर मी अठ्ठावीस झाकणं शिवतेय. ती उठली, वही काढली, ते पान शोधलं. त्याच दिवशी कळवणे. तो दिवस जाऊन दोन दिवस झाले होते. वही पुन्हा ठेवून दिली. आता कळवलं तर पहिला प्रश्न हाच येणार: एवढे दिवस काय करत होतात? आणि त्याखाली तिची सही असलेली नोंद. लागल्याचे आढळले.

बुधवारी शाळा सुटल्यावर दारात बटण उभी राहिली.

"मावशी, आईने इस्त्री मागितलीय."

"झाली नाही अजून." टेपमावशीने मान वर केली. बटणचा डावा कान लाल होता, खालून सुजलेला. कानामागे तीन आडवे वळ, आणि ते मोजायला टेप नको होती.

बटणचं लक्ष टेबलावर होतं. इस्त्रीकडे बघत ती जवळ आली नाही, लांबही गेली नाही.

"लवकर करा ना," ती म्हणाली. "काम असलं की आई बरी असते. काम नसलं की मग..." ती थांबली. मोठ्या माणसासारखी समजूत घातल्यागत पुढे म्हणाली, "दादांना सांगा, मी येऊन बसते इथे, होईपर्यंत. मला चालेल."

ज्या वस्तूने तिला भाजलं, ती वस्तू परत मागायला पोर स्वतः आली होती. आणि ती अडवून ठेवली होती टेपमावशीने.

"उद्या," टेपमावशी कशीबशी म्हणाली. "उद्या बघते मी."

पोर गेल्यावर सासूबाई आतून बाहेर आल्या, भिंत धरत. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या घरात लपून काही राहतच नसे.

"तू त्या भानगडीत पडू नकोस. दुसऱ्याच्या घरात कात्री घालू नये. आई आहे तिची. पाठीत धपाटा, कधी चटका, पोरं अशीच मोठी होतात. हे बघ." त्यांनी लुगड्याची कड वर करून घोटा दाखवला. चमच्याच्या गोलाएवढा पांढुरका डाग. लग्नापासून टेपमावशीने त्या पायांना तेल लावलं होतं, डाग बघितला होता, कधी विचारलं नव्हतं. "आईने दिला होता. मेले का मी?"

"कशावरून दिला?"

"दूध सांडलं म्हणून." सासूबाई खुर्चीत बसल्या. अंगठा त्या डागावरून फिरवला. "दूध नव्हतंच ते. पाणी होतं. भांडं दुधाचं होतं, म्हणून तिला वाटलं. मी सांगत होते, पाणी आहे, पाणी आहे. हात लावून बघ."

"किती वर्षांच्या होतात?"

"सहा." मग त्या चिडून म्हणाल्या, "आता काय त्याचं? सत्तर वर्षं झाली!"

टेपमावशी उठली. गळ्यातली टेप काढून तिने मशीनवर ठेवली, वहीचं ते पान काढलं आणि भर दुकानात, सासूबाईंसमोर, नंबर फिरवला. सासूबाई तोंडाला पदर लावून बसल्या, पण उठून गेल्या नाहीत.

पलीकडचा आवाज तरुण बाईचा होता, शांत. मुलीचं वय, पत्ता, वर्ग. टाईप केल्याचा टकटक आवाज येत होता.

"तुम्ही हे कधी पाहिलंत?"

"रविवारी."

टकटक थांबली. आज बुधवार आहे, असं ती मुलगी म्हणाली नाही. टकटक पुन्हा सुरू झाली, आणि तेच टेपमावशीला जास्त लागलं.

"मुलगी काय म्हणाली? तिचे शब्द आठवतात?"

"मी विचारलं कसं लागलं. ते मी विचारायला नको होतं, माझाच शब्द होता तो. ती म्हणाली, लागलं नाही, लावलं."

"बरं. 'लागलं नाही, लागलं'?"

"नाही नाही. दुसरा शब्द. लावलं. वजनातला व."

"लावलं."

"हां. आणि वर्गाच्या वहीत लागलं असं लिहिलंय. खाली माझी सही आहे. ती चूक आहे. मी चूक केली."

"ठीक आहे, ताई. तेही लिहिते मी. मुलीने आणखी काही सांगितलं?"

"कुणाला सांगू नका म्हणाली. मी... हं म्हणाले."

पुन्हा टकटक. "ती इस्त्री आता कुठे आहे?"

टेपमावशीने टेबलाकडे बघितलं. "माझ्यासमोर."

त्याच संध्याकाळी कार्यालयातल्या दोन बायका गल्लीत आल्या. टेपमावशी दुकानाच्या फळीमागे उभी राहून बघत होती, हातात रिकामी बॉबिन घेऊन. बटण त्यांच्यातल्या एकीचा हात धरून बाहेर आली. दुसऱ्या हातात दप्तर. दवाखाना, मग आजीचं घर, तीन रस्ते पलीकडे. चौकशी होईपर्यंत तिथेच राहायचं. दुसऱ्या दिवशी त्याच बायका इस्त्री कागदात गुंडाळून घेऊन गेल्या. तुमचं नाव कुठेही येणार नाही, असं त्यांनी टेपमावशीला दोनदा सांगितलं. गल्ली एवढीशी. नाव यायला लागतं कुठे?

शिट्टीसरांचा फोन आला. "बाई, माझ्या वहीत वेगळंच लिहिलंय आणि तुमची सही आहे. मला तोंडघशी पाडलंत."

"खोडा ते," ती म्हणाली. "मी येऊन पुन्हा सही करते."

शनिवारी इस्त्रीवाली पायरीवर येऊन बसली. रोजच्या जागी. टेपमावशीने सवयीने चहा ठेवला, तिच्या शेजारी कप ठेवला. तो निवत गेला, साय धरली.

"सोमवारी मी इथेच बसले होते," इस्त्रीवाली म्हणाली. "तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तू घरी जाऊन तिला विचारलं असतंस."

इस्त्रीवालीने हातांकडे बघितलं. नाही असं तिने म्हटलं नाही. म्हणाली, "काय व्हायचं मला ताई, कळत नाही. त्या दिवशी सात चादरी होत्या, एक जळाली, आणि ती मागे उभी राहून नुसती बघत होती. नुसती बघत होती गं." ती रडली, आवाज न करता, नाक पुसत. टेपमावशीचा हात तिच्या खांद्याकडे गेला आणि मधेच थांबला. ज्या हाताने तिला थोपटायचं, त्याच हाताने फोन केला होता.

"तूच दिली होतीस, तूच नेलीस," इस्त्रीवाली उठत म्हणाली. इस्त्रीबद्दल, की कशाबद्दल, ते तिने सांगितलं नाही. त्या दिवसापासून ती गल्लीच्या दुसऱ्या अंगाने जायला लागली, आणि टेपमावशी दुकानाची फळी अर्धीच उघडायला लागली.

रविवारी बटण आजीबरोबर वर्गाला आली. दंडावर पांढरी पट्टी होती. पूर्ण बाह्यांचा निळा झगा घालून ती स्टूलवर चढली, पण टेपमावशी जवळ येताच एक पाय मागे घेतला.

"तुम्ही हं म्हणाला होतात."

टेपमावशीच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या हंचं खरं कारण तिथेच होतं, ओठांच्या डाव्या कोपऱ्यात. सांगितलं असतं तर पोरीला कदाचित पटलंही असतं.

तिने एकेक करून सगळ्या टाचण्या काढल्या. "म्हणाले होते," ती म्हणाली. "आणि सांगितलं."

"आई रडली?"

"हो."

बटण आजीकडे बघत राहिली. आजी खिडकीशी बसून पिशवीतलं काहीतरी शोधत होती, किंवा शोधल्यासारखं करत होती. मग बटण भिंतीला सांगावं तसं म्हणाली, "उजवी बाही आखूड आहे."

बाही आखूड नव्हती. टेपमावशीचं माप चुकत नसे. तरी ती गुडघ्यांवर बसली, कात्रीच्या टोकाने उजव्या मनगटाची शिवण उसवली, दुमड खाली सोडली. टाचण्या पुन्हा तोंडात धरायला हात वर गेला. तो खाली आणून तिने त्या बटणच्या तळव्यावर ठेवल्या.

"तू धर. मी मागेन तेव्हा एकेक दे."

बटणने मूठ मिटली नाही, उघडीही केली नाही. टेपमावशी म्हणाली, दे. एक आली. दे. दुसरी आली. तिसरी, चौथी. खाली अंगणात दोरीच्या उड्या मोजणं चालू होतं.

"दे," टेपमावशी म्हणाली.

पाचवी टाचणी बटणने दिली नाही. ती मुठीत धरून, स्टूलवर ताठ उभी राहून ती टेपमावशीच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि टेपमावशी गुडघ्यांवर तशीच, रिकामा हात पुढे करून थांबली.